नांदेडचा होला मोहल्ला

अहमदपूर, लोहा मागे टाकून लातूरची मंडळी नांदेडला पोहोचली तेव्हा रस्त्यांवर धूलिवंदनाचा रंग अजून ओला होता. मिरवणूक पाहण्याचा हट्ट नातीचा. शस्त्रांच्या मिरवणुकीस अहिंसाव्रतीने जावे का, हे आजोबांनी वाटेत दोनदा बोलून दाखविले होते.

गुरू गोविंदसिंगांनी आनंदपुरात आरंभिलेला हा उत्सव नांदेडातही होतो. 1708 मध्ये त्यांचे देहावसान येथेच झाले. सचखंड गुरुद्वाराची वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळातील.

पुढे निशाणसाहिब, निळ्या वेशातील निहंग आणि शृंगारलेले घोडे. घोड्यांवर स्वार मात्र नाही. ते गुरूंच्या घोड्याच्या वंशातील मानले जातात. त्यांच्यावर कोणी बसत नाही. गर्दीच्या मागे थांबलेले आजोबा तेवढ्यासाठी पुढे आले. मग अरदास झाली आणि ‘बोले सो निहाल’च्या गजरात तलवारी उपसून सारा जमाव धावत सुटला. हाच हल्लाबोल. आजोबांनी मान वळविली, नातीने नाही.

डाळीत कांदा असणार म्हणून डबा घरचाच होता. तरी लंगरात बसून सेवेकऱ्याची कोरी रोटी आजोबांनी दोन्ही हात पुढे करून घेतली. सूर्यास्त जेमतेम राहिला होता.

परतताना नातीने विचारले, “आजोबा, महिन्याने आपल्या महावीर जयंतीलाही असा घोडा आणायचा?”

“त्याला ढोलांचा आवाज सोसेल का, ते आधी पाहू,” आजोबा म्हणाले.