बाळंतविड्यातली बाळोती

मराठी भाषेने तान्ह्या बाळाच्या वस्त्रांवर जेवढी ममता केली आहे, तेवढी राजेरजवाड्यांच्या पोशाखावरही केली नसेल. झबले, टोपडे, कुंची, दुपटे, लंगोट, बाळोते! हातभर लांबीच्या जिवासाठी एवढी नावे! मात्र या कुटुंबातही मानपान आहेच. बाळंतविडा घेऊन जाताना कशिद्याची कुंची सर्वांत वर ठेवतात, तिच्याखाली झबली-टोपडी येतात, आणि अगदी तळाशी, कोणाच्या नजरेस पडू नयेत अशा बेताने, बाळोती असतात. वास्तविक कुंची बाळाच्या अंगावर चढते बारशाच्या दिवशी आणि पुढे क्वचित. बाळोत्याची गाठ मात्र दिवसातून पंधरा वेळा पडते. जगातल्या पुष्कळ सेवकांच्या वाट्याला जो न्याय येतो, तोच त्याच्याही वाट्याला आला आहे.

आमच्या बिदर-कलबुर्गी भागात मराठी आणि कन्नड यांच्या जोडीला दख्खनी उर्दूही नांदते. उर्दूत बाळोत्याला ‘पोतडा’ म्हणतात, आणि ज्याची श्रीमंती जन्मापासूनची, त्याला ‘पोतड्यांचा रईस’ म्हणण्याची चाल आहे. 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखाला अशा रईसांची वाण नव्हती. मी पेशाने वकील असल्यामुळे असेल, पण हा वाक्प्रचार कानी पडला की उलटतपासणीचा एकच प्रश्न मनात येतो: त्या रईसाचे पोतडे धुतले कोणी? भाषेने रईसाची नोंद ठेवली, पोतड्याचीही ठेवली. धुणाऱ्या हातांची ठेवली नाही. वाचकहो, आज मला त्या हातांविषयीच थोडे बोलायचे आहे.

जुन्या काळी बाळोत्यासाठी कोणी नवे कापड फाडीत नसे. आजोबांचे धोतर नेसून नेसून सायीसारखे मऊ झाले की ते बाळाच्या वाट्याला येई. आजीच्या नऊवारी लुगड्यांची दुपटी होत. आमच्या घरी हे धोतर कधी सोलापूरच्या गिरणीचे, तर कधी कलबुर्ग्याच्या महबूबशाही गिरणीचे असे. ती गिरणी केव्हाच बंद पडली. ‘एमएसके मिल’ हे नाव तेवढे त्या परिसराला चिकटून राहिले आहे. एका वस्त्राने घरातल्या सर्वांत थोर माणसाची सेवा करून सर्वांत लहान माणसाच्या सेवेस जावे, आणि तेथून अखेर पोतेऱ्यापर्यंत उतरावे, ही व्यवस्था काटकसरीची तर होतीच, पण तिच्यात एक प्रकारचे सौंदर्यही होते. ते सौंदर्य वर्णन करणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांतले बहुतेक पुरुषांनी लिहिलेले आहेत, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्याच्या तोंडी माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी भालकीला माहेरी आली, तेव्हा हा विषय आमच्या घरात रीतसर चर्चेला आला. बहीण पुण्यास नोकरी करते. तिचे सासर कारवारकडचे, कोकणी बोलणारे. माझी अपेक्षा अशी होती, की सत्तरीला पोहोचलेली आमची आई धोतराच्या बाळोत्यांचा पक्ष घेईल आणि शहरात राहणारी बहीण बाजारातल्या पुड्यांचा. झाले ते नेमके उलटे. आईने आल्या दिवशीच सांगून टाकले, की फेकून द्यायचे डायपर आणा, घरात बाळोत्यांचा ढीग मला नको. मी धोतराच्या मऊपणाचा विषय काढताच ती म्हणाली, “अण्णा, धोतराचा मऊपणा तुला ठाऊक आहे, त्याचे पाणी ठाऊक नाही. तुम्हा चौघा भावंडांसाठी आडातून किती घागरी ओढल्या, ते या मनगटांना विचार.”

त्यावर बहीण शांतपणे म्हणाली, “आई, तुझी मनगटे वाचतील. पण ती पुडी सकाळी कचऱ्यातून जी बाई उचलणार, तिच्या हातांचे काय?”

खटल्याचे दोन्ही पक्ष एवढ्या थोडक्यात आणि एवढ्या नेमकेपणाने मांडलेले मी न्यायालयातही फारसे ऐकलेले नाहीत.

या दोन पक्षांच्या मधोमध एक तिसरी वस्तू उभी आहे. तिचा परिचय करून देतो. बहिणीच्या सासूबाईंनी कारवारहून जे पार्सल पाठवले, त्यात नव्या धर्तीचे कापडी डायपर होते. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी कोकणीत लिहिले होते, “पावसांत कपडे सुकनात.” किनाऱ्यावरच्या माणसाचे सारे दुःख त्या तीन शब्दांत आले आहे. तेथे पाणी उदंड, पण आषाढ-श्रावणात ऊन नाही. बाळोती शेगडीवर पाटी पालथी घालून वाळवावी लागत आणि त्यांना धुराचा वास येई. आमच्याकडे ऊन असे, की चैत्रात दोरीवर टाकलेले कापड दुसरे पिळेपर्यंत कडक होते. पण पाण्याची घागर मोजून वापरावी लागते. देवाने दोन्ही प्रांतांना अर्धे अर्धे दान दिले आहे.

हे नवे डायपर म्हणजे एक चड्डी असते. तिचे बाहेरचे कापड पॉलिएस्टरचे असून त्याला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून ओल बाहेर येत नाही. आत सुती किंवा बांबूच्या धाग्याच्या शोषक घड्या बसवतात. टाचण्यांच्या जागी टिचबटणे असतात. ती मागेपुढे लावून एकच चड्डी तीन महिन्यांच्या बाळालाही बसते आणि दोन वर्षांच्यालाही. शोषक घड्या पहिल्या दोन-चार धुण्यांनंतरच पाणी नीट पिऊ लागतात. कापड मऊ करणारी द्रावणे त्यांना चालत नाहीत, कारण त्यांचा लेप बसला की शोषण मंदावते. फार कढत पाण्याने आतला थर बिघडतो. ऊन मात्र चांगले मानवते. डाग उन्हात आपोआप फिके होतात. या कामापुरते तरी आमचे रखरखीत ऊन वरदान ठरले.

या वस्तूचा वंश पाहू गेल्यास तो अमेरिकेतील मॅरियन डोनोव्हन या बाईंपर्यंत जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी न्हाणीघराचा पडदा कापून बाळोत्यावर घालायचे जलरोधक आवरण शिवले, टाचणीऐवजी टिचबटणे लावली आणि 1951 साली त्याचे पेटंट मिळवले. पुढे 1961 साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने पॅम्पर्स बाजारात आणले, आणि ‘धुवा’ या शब्दाच्या जागी ‘फेका’ हा शब्द आला. आपल्याकडे ही लाट बऱ्याच उशिरा, पण मोठ्या वेगाने आली. आज आमच्या तालुक्याच्या गावातील किराणा दुकानातही या पुड्या शेंगदाण्याच्या बरणीशेजारी टांगलेल्या दिसतात. उलट दिशेने 2016 साली मुंबईत पल्लवी उटगी यांनी ‘सुपरबॉटम्स’ या नावाने कापडी डायपरचा व्यवसाय सुरू केला. धुण्याच्या कल्पनेला शहरातच पुन्हा गिऱ्हाईक मिळाले, ही मौजेची गोष्ट म्हटली पाहिजे.

फेकण्याच्या डायपरमध्ये लाकडाचा लगदा असतो, ओल धरून ठेवणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण असतात आणि बाहेर प्लास्टिकचे आवरण असते. रोज सहा धरले तरी दोन वर्षांत एका बाळाचे 4,380 होतात. ही संख्या आपण डोळ्यांपुढे आणीत नाही, कारण वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी उंबऱ्याबाहेर गेली की आपल्या लेखी ती नाहीशी होते. कायद्याच्या लेखी ती नाहीशी होत नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या डायपरची गणना सॅनिटरी कचऱ्यात केली. ते नीट गुंडाळून देण्याचे कर्तव्य घरमालकावर टाकले. आणि उत्पादकांनी एकतर पुनर्वापराजोगे साहित्य वापरण्याचा विचार करावा, नाहीतर प्रत्येक नगामागे गुंडाळण्यासाठी पिशवी द्यावी, असे सांगितले. नियमांची भाषा सौम्य होती, आणि सौम्य भाषेचे जे होते तेच झाले. तत्पूर्वी 2013 साली पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेले सॅनिटरी नॅपकिन गोळा करून उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. त्या कष्टकरी बायांनी बजावलेली ती नोटीसच होती. आणि तिच्याइतकी सुबोध नोटीस मी माझ्या हयातीत लिहिलेली नाही.

त्याच 2013 साली संसदेने हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध दुसरा कायदा केला. पहिला 1993 चा. या कायद्याची व्याख्या अस्वच्छ शौचकूप, उघडी गटारे, खड्डे, रेल्वेमार्ग आणि सरकार अधिसूचित करील ती स्थळे यांविषयी बोलते. कचऱ्याच्या डब्यातील पुडीचे नाव तिच्यात नाही. पण पुडीत जे आहे ते काय आहे, हे आपण सर्वजण जाणतो, आणि ती उघड्या हातांनी वेगळी करणारी माणसे बहुधा कोणत्या समाजातून येतात, हेही जाणतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा, अशी म्हण आहे. आपल्या बाब्याची घाण आपल्याला घाण वाटत नाही. म्हणून ती उचलणाऱ्यालाही वाटत नसेल, असे आपण सोयीस्करपणे गृहीत धरतो. गौतम धर्मसूत्रानेही उपनयनापूर्वीच्या बालकाला आचाराच्या बंधनांतून मोकळे ठेवले आहे. पण ती सूट बालकाला आहे, त्याच्या आईबापांना नाही. शिवाय तान्ह्याची विष्ठाही रोगजंतू वाहते, हे वैद्यकशास्त्राने निःसंशय ठरवले आहे. करार विक्रेता आणि ग्राहक यांच्यात होतो. भार मात्र पडतो तो ज्याची सही कोठेच नाही, अशा तिसऱ्यावर.

तर मग धुणे हेच श्रेष्ठ, असा निकाल देऊन मोकळे व्हावे काय? नाही, कारण आईचा पक्ष अजून ऐकायचा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2008 साली दोन्ही प्रकारांची तुलना केली. अडीच वर्षांत एका बाळामागे वातावरणात जाणाऱ्या कर्बवायूंचा भार फेकण्याच्या डायपरसाठी सुमारे 550 किलो आणि कापडी डायपरसाठी सुमारे 570 किलो निघाला. म्हणजे सरासरीने कापडाचा काहीच लाभ नाही! पण धुलाईयंत्र पूर्ण भरून लावले, कपडे दोरीवर वाळवले आणि तेच डायपर दुसऱ्या बाळालाही वापरले, तर कापडाचा भार सुमारे 200 किलोंनी उतरतो. तात्पर्य, कापड स्वतः पुण्यवान नसते. ते धुतले कसे जाते, यावर त्याचे पुण्य ठरते. मी यात एवढीच भर घालीन, की ते कोण धुते, यावरही ठरते. सुनेला रजा नाही, सासूचे गुडघे दुखतात आणि धुणे करणाऱ्या बाईला महिन्याकाठी पन्नास रुपये वाढवून दिले की पर्यावरणाचे रक्षण झाले, असा हिशेब ज्या घरात मांडला जातो, त्या घरात फक्त ओझ्याचा पत्ता बदललेला असतो.

कन्नडमध्ये सोवळ्याला ‘मडी’ म्हणतात आणि परटाला ‘मडिवाळ’. शुचिता आणि धुलाई यांचे नाते त्या भाषेने एका शब्दात बांधून टाकले आहे. आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात मडिवाळ माचय्य होऊन गेले. ते शरणांचे कपडे धूत, आणि बसवेश्वरांच्या मंडळीत त्यांचे स्थान कोणाहून खाली नव्हते. आपण मात्र धुतलेले सोवळे देवघरात नेले आणि धुणाऱ्याला अंगणाबाहेर ठेवले. मराठीत सोयर आणि कोकणीत सुयेर पाळणाऱ्या घरांतून दहा दिवस शिवाशिव किती कटाक्षाने सांभाळली जाते, हे आपण जाणतोच. त्या कटाक्षाचा एक अंशही धुण्याच्या पाळ्या लावण्यात खर्च होत नाही.

आमच्या घरचा निवाडा अखेर आईनेच दिला. कापडी डायपर वापरा. पण पहिले खळबळणे बाळाच्या बापाने करायचे, तो पुण्यास असेल तेव्हा मामाने. आईने आणि आजीने त्याला हात लावायचा नाही. धुणे करणाऱ्या बाईंना त्यातले एकही द्यायचे नाही. प्रवासात आणि आजारपणात फेकण्याचे चालतील, पण मैला आधी शौचकुपात टाकायचा आणि पुडीवर लाल खूण करायची, म्हणजे उचलणारीला ती उघडावी लागणार नाही. अपिलाची तरतूद ठेवली नव्हती. मेहुण्यांनी आणि मी तो हुकूम तीन महिने बजावला. चोवीस चड्ड्या, एक बादली, एक दोरी. वेळ म्हणाल तर दिवसाकाठी पाऊण तास लागे. हा पाऊण तास आजवर कोणाच्या आयुष्यातून वजा होत होता, हे तेव्हा अंकगणितानेच कळले. पहिल्या आठवड्यात शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी कुंपणावरून वकिलाला दोरीवर लंगोट टाकताना पाहून सखेद आश्चर्य व्यक्त केले. त्यांना मी एवढेच म्हटले, “काका, हीही वकिलीच आहे, पक्षकार फक्त लहान आहे.”

बाळोते कोणते वापरावे, हे मी कोणास सांगणार नाही. पाणी, ऊन, पैसा आणि नोकरी प्रत्येक घरी निराळी असते; जिला रात्री दोनदा उठावे लागते, तिला पुडीचा मोह झाला तर तिला दोष देण्याचा अधिकार रात्रभर घोरणाऱ्यास नाही. माझी सूचना अगदी लहान आहे. यापुढे बाळंतविडा नेताना कुंचीच्या घडीत एक कागद घालावा. त्यावर कोणत्या दिवशी कोणी धुवायचे, याच्या पाळ्या लिहाव्यात आणि खाली घरातल्या पुरुषांच्या सह्या असाव्यात. मुद्रांक लागणार नाही. मसुदा मी विनामूल्य करून देईन.