सील फोडलं तर घ्यावं लागेल

ऐकायची वस्तू न ऐकताच विकत घ्यायची, ही रीत कुणी पाडली मला ठाऊक नाही, पण ती मला अजून पटलेली नाही. हेडफोन घेऊन झाला, रोज रात्री वापरात आहे, तरी ठाण्याच्या त्या दुकानातली दुपार आठवली की राग येतोच.

आमचं डोंबिवलीचं घर वन बीएचके. सासरे हॉलमध्ये झोपतात, यजमानांची पहाटेची पाळी, त्यामुळे मला गाणं ऐकायला मिळतं ते रात्री दहानंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. लग्नाआधी गाणं शिकत होते. पुढे गायचं सुटलं, ऐकायचं सुटलं नाही. मुलाने पहिल्या पगारातून दिलेला एक हेडफोन होता आणि त्याचा आवाज बरा होता. पण आपल्या दमट हवेत त्याच्या गाद्यांवरचं रेक्झिन सुटायला लागलं. काळे पापुद्रे कानामागे, मानेवर, उशीच्या अभ्र्यावर. नव्या गाद्या वेगळ्या मिळत नाहीत, असं कंपनीचं उत्तर आलं. तेव्हाच ठरवलं, आता घ्यायचा तो वरच्या दर्जाचा, आणि ज्याच्या गाद्या बदलता येतात असाच.

जाणकार मंडळी सांगतात, घरात ऐकायचं तर ओपन-बॅक घ्या. त्याच्या वाट्यांना मागून जाळी असते, आवाज मोकळा वाटतो, गायक डोक्यात न बसता समोर बसल्यासारखा वाटतो. हे सगळं खरं आहे. पण त्या जाळीतून गाणं बाहेरही जातं, आणि माझ्या सासऱ्यांची झोप सावध आहे. बाहेरचंही सगळं आत येतं : कुत्री, लोकलचा भोंगा, वरच्या मजल्यावर रात्री लावलेलं वॉशिंग मशीन. म्हणून बंद पाठीचा, क्लोज्ड-बॅकच हवा होता. नॉइज कॅन्सलिंगवाला नको होता. त्यातले छोटे माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर सोडून तो मारतात. विमानाची, एसीची सलग घरघर त्याने छान जाते. पण शांत घरात मला त्याने कानावर दाब आल्यासारखं वाटतं, शिवाय बॅटरी वर्षागणिक दमत जाते. मला तारेचा, साधा, पुष्कळ वर्षं टिकेल असा हवा होता.

तर ते दुकान. मॉलमधलं, मोठं, काचेचं. सोबत भाचा होता, तो मला गाडीवरून सोडायला आला होता एवढंच. त्याला क्रिकेट कळतं, गाण्यातलं काही कळत नाही, आणि तसं तो मोकळेपणाने सांगतो. मला हव्या असलेल्या तीन मॉडेलांची नावं मी कागदावर लिहून नेली होती. त्यातली दोन खोकी शेल्फवर दिसली. मी विचारलं, ‘यातला एक घालून बघू का?’ विक्रेत्याने उत्तर दिलं ते भाच्याकडे बघून.

‘दादा, बॉक्स सील आहे. सील फोडलं तर घ्यावं लागेल.’

‘मग डेमोचा पीस नाही का?’ मी विचारलं.

‘वायरलेसचे आहेत ना. काकूंना ते दाखवू? वजनाला हलके आहेत, कलरपण छान आहेत.’

भाचा म्हणाला, ‘मला नकोय, मावशीला हवाय, तिच्याशी बोला.’ तरी त्या माणसाची मान वळली नाही. ‘यात बास एकदम जबरदस्त, दादा. ५० एमएमचा ड्रायव्हर आहे.’ मी म्हटलं, सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ सालापासून स्टुडिओंत वापरतात, त्याचा ड्रायव्हर ४० मिलिमीटरचा आहे. पडदा मोठा केल्याने आवाज आपोआप चांगला होत नाही. यावर तो हसला, आणि हसला तोही भाच्याकडे बघून. ते हसू मला बोचलं. मी काही चुकीचं बोलले असते तर त्याने मला खोडून काढायचं होतं. पण त्याला मुळात मी बोललेलं काही ऐकायचंच नव्हतं.

डेमोचा वायरलेस माझ्या डोक्यावर चढवून त्याने दुकानाच्या फोनवरचं एक गाणं लावलं. ढोल असा काही घुमला की कानशिलं थरथरली. मी माझा फोन पुढे केला, यातलं गाणं लावा म्हटलं. तर, ‘दुकानाच्या फोनवरच लावतो आम्ही.’ का, ते सांगितलं नाही. सील का फोडत नाही, याचं कारण मात्र दिलं : दुसऱ्याच्या कानाला लागलेली वस्तू गिऱ्हाईक घेत नाही. मग एक जोडी उघडून टांगून ठेवा, गाद्या स्पिरिटने पुसा. चष्म्याच्या दुकानात दिवसभर शेकडो नाकांवर चढलेल्या फ्रेमी पुसून पुन्हा मांडतातच ना? आणि घेतल्यावर नाही आवडला तर? ‘डिफेक्ट असेल तर सेम मॉडेल बदलून मिळेल.’ आवाज माझ्या कानाला न मानवणं हा डिफेक्ट नव्हे. पंधरा हजारांच्या आसपासची वस्तू, आणि ती जिच्यासाठी आहे ती एकच गोष्ट विकत घेण्याआधी करायला बंदी.

मला मिरज आठवलं. शिकत होते तेव्हा वडिलांबरोबर तानपुरा आणायला गेले होते. कारागिराने मला आधी षड्ज लावायला सांगितला, माझी पट्टी बघितली, आणि मग घोडीवरची जवारी कानसेने घासून घासून मी ‘हां’ म्हणेपर्यंत सोडली नाही. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या कारागिराची बोटं आठवली होती. तिथे मी परकर-पोलक्यातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी होते, तरी तो वडिलांशी नाही, माझ्याशी बोलत होता, कारण वाजवणारी मी होते.

तानपुऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, हेडफोन पारखायला मला तानपुऱ्यासारखी दुसरी कसोटी नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात खर्जाचा षड्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरातून तो जवळजवळ येतच नाही, पण तारेचे वरचे स्वर येतात आणि आपला मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणून फोनवरही तानपुरा ‘ऐकू येतो’. चांगल्या हेडफोनवर मात्र खर्ज खरोखर असतो, आणि त्याच्यावर जवारीची झळाळी वेगळी उभी राहते. जिथे या दोन्हींपैकी एक दुसऱ्याला गिळते तो हेडफोन माझ्या कामाचा नाही. तीच गोष्ट डग्ग्याची. बास फुगवलेल्या हेडफोनवर डग्गा विलंबितात गायकाच्या मंद्रावर जाऊन बसतो, मनगटाने काढलेली मींड ऐकूच येत नाही, नुसतं घुमणं राहतं. त्या दुकानातल्या गाण्यावरून यातलं काय कळणार होतं?

गाण्याच्या जुन्या क्लासमधल्या मैत्रिणीचा मुलगा डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रक आहे. त्याच्या कानावर हे गेलं आणि त्याने दोन हेडफोन घरी पोचवले. ‘काकू, सावकाश ऐका, मला घाई नाही.’ एक तोच सोनीचा ७५०६, दुसरा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा.

सोनीवर किशोरीताई लावल्या आणि मी दचकले. श्वास, ओठ विलग होणं, स्वरमंडळावरून बोट फिरणं, सगळं अंगावर. एखाद्या ध्वनिमुद्रणात कुठे काय झालंय हे शोधायला याच्याइतका प्रामाणिक साथीदार नाही, आणि तो त्याच कामासाठी बनलाय. मी मात्र रात्री काम करायला बसत नाही. तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी मुद्रण ऐकतेय, राग ऐकत नाहीय.

डीटी ७७० पहिल्या रात्री मुळीच आवडला नाही. वरचे स्वर फार चमकदार. केसरबाईंची ७८ आरपीएमवरून उतरवलेली तबकडी लावली तर गाण्याआधी खरखरच पुढे येऊन बसली. या हेडफोनला ८ किलोहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा आहे, हे त्याच्या सगळ्या परीक्षणांत लिहिलेलं असतं, तोच तो. परत द्यायचं ठरवून बाजूला ठेवला.

मग चष्म्याचा प्रकार झाला. सोनीवर ऐकताना सहज चष्मा काढून पुसला, आणि डग्गा अचानक भरला. पुन्हा लावला, पुन्हा ओसरला. बंद पाठीच्या हेडफोनचा खालचा आवाज गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर असतो. चष्म्याच्या काडीने केसाएवढी फट पडली तरी खर्ज तिथून पळतो. डीटी ७७० वर तेच करून बघितलं. फारसा फरक नाही. त्याच्या मखमली गाद्या जाड आणि मऊ आहेत, काडी त्यांत रुतते. मी दिवसरात्र चष्मा लावते. कोणत्याही आकडेवारीत माझा चष्मा नव्हता, परीक्षण लिहिणाऱ्याच्या डोक्यावरही नसावा.

म्हणून तो पुन्हा डोक्यावर आला, आणि यावेळी मल्लिकार्जुन मन्सूर लावले. हळूहळू कान बसला. तानपुरा मागे गेला, गळा मध्ये आला. पन्नाशीनंतर कानाला वरच्या कंपनसंख्या कमी ऐकू येऊ लागतात, त्यामुळे पंचविशीतल्या परीक्षकाला टोचणारा उंचवटा मला तितका टोचत नसेल, असंही मनात आलं. तरी उरलेलं टोचणं मी फोनच्या इक्वलायझरमध्ये ८ किलोहर्ट्झची पट्टी थोडी खाली ओढून घालवलं. भाच्याशी मी पूर्वी तावातावाने भांडले होते की मुद्रणात जसं आहे तसंच ऐकावं, त्यात कालवाकालव करू नये. आता मीच करते, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मूळ ध्वनिमुद्रकानेही कुणाच्या तरी कानाचा विचार करून बटणं फिरवलीच होती.

आणि हेही सांगायला हवं की त्या दुकानदाराने सील फोडून दहा मिनिटं ऐकू दिलं असतं, तर मी डीटी ७७० खाली ठेवून भलताच एखादा घरी आणला असता. दहा मिनिटांत झगझगीत ते आवडतं, किंवा नवखं ते नावडतं. म्हणजे दुकानात ऐकणं पुरेसं नाहीच. पण चष्म्याची फट मिनिटात कळते, कान वाटीत मावतो की दुमडतो हे कळतं, डोक्यावरची पकड सोसेल का हेही कळतं. तेवढंही नाकारणं योग्य नाही, या मतावर मी ठाम आहे.

घेणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहमचा मिळतो. २५० वाल्याला वेगळा अँप असलेला बरा, कारण जुन्या मैफलींची मुद्रणं मुळातच हळू असतात आणि फोनवर आवाज शेवटच्या टोकाला नेऊनही भागत नाही. ८० ओहमचा माझ्या फोनला लावलेल्या साध्या टाइप-सी डोंगलवर व्यवस्थित चालतो. केबल ३ मीटरची, आणि सुटी होत नाही. टेबलाखाली पायात येते, तिला रबरबँड लावून ठेवते. मखमली गाद्या वेगळ्या विकत मिळतात, हे मी आधी तपासलं. दुसरं, आवाजाची पातळी. आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकायचं तर ८० डेसिबलच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंद वाट्यांनी बाहेरचा गलका अडतो म्हणून मला आवाज वाढवावा लागत नाही, आणि माझ्या मते घरात क्लोज्ड-बॅक घेण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे. पंख्याची घरघर मात्र येते. खालचे आवाज नुसत्या वाट्यांनी पुरते अडत नाहीत.

मैत्रिणीच्या मुलाची जोडी परत केली आणि नवी ऑनलाइन मागवली. खोकं सीलबंदच आलं. त्या दुकानात पुन्हा गेले नाही.

दुकानदारांना विनंती एवढीच की प्रत्येक मॉडेलची एक जोडी उघडून काउंटरवर ठेवा, आणि ज्याला ऐकायचंय त्याच्याशी बोला, त्याला सोडायला आलेल्याशी नाही. आणि डोंबिवली-कल्याण भागात कुणाला डीटी ७७० घेण्याआधी ऐकायचा असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. स्वतःचा चष्मा लावून, स्वतःचं गाणं घेऊन या. हवं तर चार दिवस घरी घेऊन जा.