एसीचा गॅस संपत नाही, गळतो

नवतपा लागला की आमच्या गोंदियात दुपारचे रस्ते ओस पडतात. पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो. अशा उन्हातही अम्मींना तपासणीसाठी नागपूरला न्यावेच लागते. त्यांना दम्याचा त्रास. काचा उघडल्या तर गरम वारा आणि धूळ, बंद ठेवल्या तर जीव घुसमटतो. त्यामुळे जुन्या गाडीतला एसी आमच्यासाठी चैन नाही, गरज आहे.

यंदा त्यातून कोमट हवा येऊ लागली. "गॅस संपला," असा घरात निकाल लागला. भाच्याने गॅसचा डबा, नळी आणि छोटे मीटर मागवले. "मामू, दहा मिनिटांचं काम आहे!" आम्ही म्हटले, बेटा, आधी समजून घेऊ.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो बराच कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती तशीच ठेवून वरून भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

दुसरी गोष्ट मीटरची. ते दाब दाखवते, आत किती ग्रॅम गॅस आहे ते नाही. उन्हात दाब आपोआप वाढतो, मग अंदाज चुकतो. गॅस जास्त झाला तर गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण पडतो. शिवाय बहुतेक गाड्यांत असणारा आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो; त्याचा फवारा हाताला किंवा डोळ्याला लागला तर गंभीर इजा होते. डबा उन्हात तापला तर फुटू शकतो. आणि हवेत सुटलेला हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून अधिक उष्णता धरतो. आपल्या गारव्यासाठी सगळ्यांचे ऊन वाढवायचे का?

भाच्याला पटले. मिस्त्रीने एका जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दाखवला. गॅससोबत आतले तेलही झिरपते, ही गळतीची खूण. दोष रबरी रिंगचा होता. ती बदलून, पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिले होते तेवढाच गॅस त्याने वजन करून भरला.

घरी करण्यासारखेही बरेच आहे. केबिन फिल्टर साफ करावा. रेडिएटरसमोरच्या जाळीत आपल्याकडे धुळीबरोबर राइस मिलचा कोंडाही अडकतो. इंजिन थंड असताना ती हलक्या पाण्याने धुवावी. एसी लावताच तिथला पंखा फिरतो का, ते दुरून पाहावे. उन्हात उभी गाडी आधी काचा उघडून दोन मिनिटे चालवावी. हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी सुरू ठेवावा. तेल फिरत राहिले की रबर सुकत नाही.