शेजपाळी

आमच्याकडं माणूस कामासाठी आला, तर कामाचं सगळ्यात शेवटी बोलतो. एवढी साधी गोष्ट कळायला पणदऱ्यात परत आल्यावर माझी दोन वर्षं गेली.

चुलते, म्हणजे नाना, सकाळी येतात. ओसरीवर टेकतात, टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. उसाला हुमणी लागलीय का, कारखाना पहिला हप्ता काय देईल, वीर धरण किती भरलं, गुरुवारच्या बाजारात मेथी कशी गेली. चहा होतो. तंबाखू मळून होते. मग उठतात, चपला पायात सरकवतात, फाटकाला हात लावतात आणि पाठमोरेच म्हणतात, "त्या बांधावरच्या आंब्याचं तेवढं बघ. सावली पडतीया उसावर."

पाऊण तास त्या एका वाक्यासाठी. पूर्वी मी त्यांना दारातच विचारायचो, "काय काम काढलंत, नाना?" ते म्हणायचे, "काम कसलं, आलतो असंच." आणि खरंच तसेच परत जायचे. आंब्याचं मला मग तिसऱ्याकडून कळायचं, तेही तिखटमीठ लावून.

यातली गंमत अशी, की पुण्यातल्या नोकरीची शेवटची सहा वर्षं मी लोकांना 'संवादकौशल्य' शिकवत होतो. मुद्द्याचं आधी बोला, नेमकं बोला, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. या तिन्ही गोष्टी चुलत्यांपुढं केल्या तर त्याला आमच्यात उद्धटपणा म्हणतात. आईनं पहिल्याच आठवड्यात मला धडा दिला होता. दारात पाव्हणे आले आणि मी विचारलं, "चहा घेणार ना?" ते म्हणाले, "नको, आत्ताच झाला." मी बरं म्हणून बसलो. ते गेल्यावर आई म्हणाली, "आरं, इचारायचं नसतं. टाकायचा." कुणी विचारल्यावर 'हो' म्हणणं म्हणजे हावरेपणा, आणि नुसतं विचारून थांबणं म्हणजे कंजूषपणा. चहा पुढ्यात आला की दोघांचीही सुटका होते.

शब्दांनीही फजिती केली. तोडणीच्या दिवसांत बीडकडची टोळी आली होती. मुकादम म्हणाला, "दहा कोयते आहेत." मी दहा माणसांचा हिशेब धरून पाण्याची टाकी ठेवली. सकाळी उसात वीस जण, शिवाय कोपीपाशी लेकरं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यात दोन माणसं आहेत, हे कधी मोजलंच नव्हतं. टाकी दुपारी बाराला संपली. मुकादम काही बोलला नाही. एका बाईनं रिकामा हंडा माझ्या मोटारसायकलीशेजारी आणून ठेवला आणि ती परत मोळ्या बांधायला गेली. संवाद म्हणायचा तर तो.

(याच तालुक्यात मोरोपंतांनी हयात काढली. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. पण पुढं बारामतीला नाईकांच्या आश्रयानं राहून त्यांनी आर्यांचा डोंगर रचला. त्यांच्याकडंही कुणी ओसरीवर येऊन टोपी गुडघ्यावर ठेवून बसत असेल का, आणि पंत त्याच्याशी कोणत्या मराठीत बोलत असतील, असं मला उगाच वाटत राहतं.)

पण आमच्याकडं माणसांचं जुळतं आणि तुटतं ते पाण्यावर. १८७६ च्या दुष्काळानं सरकारला जाग आणली आणि पुढच्या दहाएक वर्षांत नीरेचा डावा कालवा या भागातून वाहू लागला. आज आमचा ऊस, आमचे कारखाने, आमची भांडणं, सगळं त्या पाण्याचं. सात नंबरचा अर्ज भरायचा, मग शेजपाळी लागते. शेजाऱ्यामागून शेजारी, प्रत्येकाचे तास ठरलेले. कागदावर हे पाणी टेलच्या माणसाला आधी आणि वरच्याला नंतर मिळतं. रानात काय होतं ते आवर्तनाच्या रात्री चारीवर जाऊन बघावं.

माझ्या आधीची पाळी चुलतभावाची, दादाची. एकदा त्यानं पाणी तासभर उशिरा सोडलं. मी सकाळी मोबाईलवर मजकूर धाडला: 'आपली पाळी पहाटे ३ वाजता संपते. काल पाणी ४ वाजून १० मिनिटांनी मिळाले. यापुढे कृपया वेळ पाळावी.'

त्या 'कृपया'नं घात केला. मला ते सौजन्य वाटलं होतं. दादानं तो मजकूर पारावर चार जणांना वाचून दाखवला म्हणे, अगदी सावकाश, पाटबंधारे खात्याची नोटीस वाचावी तसा. आमच्याकडं 'कृपया' कचेरीच्या पाटीवर असतं. भाऊ भावाला ते म्हणत नाही. शिव्या दिल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. ते चार महिने चाललं. समोरासमोर आलो की तो चारीकडं बघायचा आणि मी उसाकडं.

पुढच्या एका आवर्तनात माझी पाळी रात्री दीडची होती. खोरं, बॅटरी आणि थर्मास घेऊन मी दारं धरायला गेलो. पाणी सोडून दादा घरी जाईल असं वाटलं होतं. तो बांधावर बसून राहिला. मीही काही बोललो नाही. माझ्या जुन्या धंद्यात शांतता पडली की ती भरून काढायची असते, आणि हात खोऱ्यावर नसता तर मी ती भरलीही असती. सरी भरत आली की तिचं तोंड मातीनं बांधायचं, पुढचीचं फोडायचं. उसाच्या पाचटात पाणी शिरताना चर्र असा आवाज येतो, त्यावरून ते किती आत गेलं ते ओळखावं लागतं. "अजून नाय पोचलं," दादा मधेच म्हणाला. मी थांबलो. दोन मिनिटांनी म्हणाला, "आता मोड."

अर्धा तास गेला असेल. तो उठला, धोतर झटकलं, चपला शोधल्या. दोन पावलं गेला आणि तिकडं तोंड करूनच म्हणाला, "त्या दिवशी खेकड्यानं चारीला भोक पाडलं होतं. तुझ्याच हद्दीत. बुजवस्तोवर चार वाजलं."

तोंडाशी 'सॉरी' आलं होतं. त्याच्या मागोमाग, मग तेव्हाच का नाही सांगितलंस, हेही आलं होतं. मी थर्मासचं झाकण काढलं, त्यात चहा ओतला आणि त्याच्यापुढं धरला.

"साखर जादा झालीय," तो म्हणाला आणि परत बसला. पाणी सातव्या सरीला लागलं होतं.