मुरमाड दरडीवरची धायटी

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालं की माघ-फाल्गुनात रस्त्याकडेच्या दरडींवर लाल रंग दिसू लागतो. गवत वाळलेलं, झाडं उघडी पडलेली आणि त्यात कमानीसारख्या वाकलेल्या फांद्या फुलांनी लगडलेल्या. ही धायटी. भोरहून वरंध घाटाकडे जातानाही हीच भेटते. त्याच रस्त्यांवरच्या नव्या फार्महाऊसांत मात्र बोगनवेल आणि ठिबकवर तगवलेले गुलाब. रोपवाटिकेत येणाऱ्याला मी आधी धायटी दाखवतो. या मुरमात तिच्या तोडीचं वसंतातलं झुडूप मला दुसरं ठाऊक नाही.

तिचा लाल रंग पाकळ्यांचा नव्हे. पाकळ्या इवल्याशा, असून नसल्यासारख्या. डोळ्यांत भरते ती निदलपुंजाची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची वाकडी नळी आणि तिच्यातून बाहेर आलेले पुंकेसर. फळ धरल्यावरही नळी गळत नाही, बोंडाला वेढून राहते. त्यामुळे बहर लांबतो. नळीत मध असतो, म्हणून सकाळी शिंजीर हलत नाहीत. मेंदी आणि तामण तिच्याच कुळातली. आयुर्वेदात आसवं-अरिष्टं आंबवायला हीच सुकी फुलं घालतात.

‘धायटी वाढली, पण फुलत नाही’ अशी तक्रार आली की मी दोनच गोष्टी विचारतो: कात्री कधी चालवली आणि थंडीत पाणी किती दिलं? फुलं येतात जुन्या फांद्यांवर, बहुधा पानं झडलेल्या भागावर. दिवाळीच्या साफसफाईत झुडूप गोल कापलं की पुढचा बहर त्याच कचऱ्यात जातो. छाटणी वैशाखात करावी, फुलं सरल्यावर आणि पावसाआधी. तीही शेंड्यांची नको. सर्वांत जुन्या दोन-तीन फांद्या बुडापासून काढाव्यात आणि बाकीच्यांना वाकू द्यावं. रोप रुजल्यावर हिवाळ्यात पाणी बंद. शेणखत भारंभार घातलं तर पानंच माजतात.

डोंगरातून झुडूप उपटून आणू नये. मुळं खडकाच्या फटीत गेलेली असतात, ती तुटतात. रोप जगत नाही आणि दरडही उघडी पडते. उन्हाळ्यात वाळकी बोंडं चोळून बी काढावं. ते फार बारीक असतं. बारीक वाळूत मिसळून चाळलेल्या मातीवर भुरभुरावं, वर माती लोटू नये. झारीच्या धारेनं बी वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटात ठेवावी. पहिल्या वर्षी वाढ हळू असते. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी रोप जमिनीत लावावं.

जागा पूर्ण उन्हाची हवी. वेल्ह्याच्या पश्चिमेकडे पाऊस इतका, की सपाट वाफ्यात मुळं कुजतात. प्लॉट सपाट करताना जेसीबीनं जी दरड कापलेली असते आणि जिथं लॉन कधीच धरत नाही, तीच धायटीची जागा. दोन रोपांत पाच-सहा फूट अंतर सोडावं, म्हणजे फांद्या दरडीवरून खाली झेपावतात.