गोंदण राहू द्या

नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत भिंतीवरचा हार घातलेला फोटो जवळून पाहिला, तर तो पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या तरी फोटोतून कापून काढलेला निघतो. लग्नातल्या ग्रुप फोटोतून, नाही तर थेट आधार कार्डावरून. खांद्यापाशी शेजारच्याच्या शर्टाचा तुकडा राहून गेलेला, मागे निळा पडदा चिकटवलेला आणि जन्मभर उन्हात राबलेल्या माणसाचा चेहरा मैद्यासारखा गोरा, गुळगुळीत. माणूस हयात असताना त्याचा एकही धड फोटो कुणी काढून ठेवलेला नसतो. घरच्या घरी पोर्ट्रेट शिकू पाहणाऱ्याला करण्याजोगं काम इथेच पडलेलं आहे, आणि त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

लागते ती एक बरी खिडकी. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना 1863 च्या अखेरीस लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या 48 वर्षांच्या होत्या. कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्यात त्यांनी स्टुडिओ थाटला आणि कोळशाच्या खोलीत डार्करूम. टेनिसन, डार्विन यांची त्यांनी काढलेली पोर्ट्रेट्स आजही अभ्यासली जातात. आफ्रिकेतल्या बामाको शहरात सेदू केता यांनी 1948 साली स्टुडिओ सुरू केला, तोही अंगणातल्या उजेडावर. मागे पडदा म्हणून पलंगावरची नक्षीची चादर. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यातले एक जाणते छायाचित्रकार. त्यांच्याही काळात सूर्य हाच दिवा होता.

पुस्तकं सांगतात, उत्तरेची खिडकी धरा, तिच्यातून थेट ऊन येत नाही. हा सल्ला युरोपातला. नगर आहे साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरीपही उत्तरेच्या खिडकीतून आत येते. तेव्हा खिडकीवर धुऊन धुऊन पातळ झालेलं पांढरं धोतर दुहेरी करून ताणून बांधावं. ऊन त्यातून पसरून येतं, नाकाची सावली मऊ होते. माणसाला खिडकीकडे काटकोनात बसवावं, दुसऱ्या गालाच्या बाजूला स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा थर्माकोलचा शीट उभा करावा. शीट हातभर पुढे-मागे केला की गालावरची सावली गडद-फिकी होताना नुसत्या डोळ्यांनी दिसते. हे बघत बसणं हाच खरा अभ्यास, कॅमेरा त्यानंतर.

बाकीच्या गोष्टी हिशेबाच्या. माणूस मागच्या चादरीपासून चार-पाच फूट पुढे बसवला की त्याची सावली तिच्यावर पडत नाही आणि चुण्याही धूसर होतात. घराच्या भिंती पोपटी किंवा निळ्या ऑइलपेंटच्या असतील तर तो रंग गालावर उतरतो. जवळच्या भिंतीवर पांढरी चादर टाकायची. ट्यूबलाइट बंद. स्वस्त एलईडी वापरायचाच झाला तर शटर 1/50 किंवा 1/100 ठेवावं. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि वेगळ्या शटरवर फोटोत पट्टे उमटू शकतात. मोबाइल असेल तर चेहऱ्याला भिडू नये, दोन पावलं मागे सरून 2एक्स वापरावं, म्हणजे नाक फुगत नाही.

खरी कसोटी लागते ती टोपीवाल्या म्हाताऱ्यापाशी. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि मधे रापलेला तांबूस काळा चेहरा. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं मिळून मध्यम करडं, म्हणजे 18 टक्के उजेड परतवणारं, असं धरून चालतं. पांढरं जास्त दिसलं की ते फोटो काळा करतं आणि चेहरा अंधारात जातो. मोजमाप चेहऱ्यावर घ्यावं, मग टोपी जळून कोरी होणार नाही इतकं किंचित खाली यावं, आणि फाइल रॉमध्ये ठेवावी. सावलीतला तपशील नंतर उचलता येतो, कोरी झालेली टोपी परत येत नाही. "बाबा, टोपी असू द्या, हनुवटी तेवढी जरा खाली घ्या," एवढं सांगितलं की पुरे. बसायला लाकडी स्टूल द्यावं. खुर्चीत माणूस रेलतो आणि खांदे पडतात.

एडिटिंगला पैसे मोजावेच लागतात असं नाही. गिम्प 1996 पासून मोफत आहे, रॉ फाइलसाठी डार्कटेबल आहे, मोबाइलवर स्नॅपसीड. अडचण वेगळीच आहे. आजीच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवं गोंदण असतं. त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर त्याला डाग समजतो आणि पुसट करून टाकतो. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही त्याच झपाट्यात जातात. फोटो मोठा करून बघितल्याशिवाय हे ध्यानातही येत नाही. घरचे मग म्हणतात, "छान आलाय, पण आजी वाटत नाही." त्यात "जरा गोरं करून द्या" ही फर्माईश ठरलेली. मुरूम, कालची खरचटलेली जखम खुशाल काढावी, आठवड्याने ती नसणारच आहे. गोंदण, तीळ, नथीने ओढलेलं नाकाचं भोक यांना हात लावू नये.

हा गोरेपणाचा हट्ट यंत्रातही मुरलेला होता. फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला कोडॅकची शर्ली कार्डं असत, 1950 च्या दशकापासून त्यांवर गोरी बाई. सावळ्या कातडीचे बारकावे फिल्ममध्ये नीट उतरत नसत. पुढे फिल्म सुधारली, त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारीही होत्या. माणसांसाठी एवढी घाई झाली नव्हती, हे वाचताना राग येतो.

फोटोत नंतर रंग भरला की काय होतं, हे शिर्डीच्या तसबिरींत दिसतं. शिर्डी नगर जिल्ह्यातलीच. साईबाबांनी 1918 साली देह ठेवला. त्यांची मूळ छायाचित्रं मोजकी आणि कृष्णधवल आहेत. तसबिरींतला रंग नंतरच्या हातांनी भरलेला. म्हणून एका तसबिरीत कफनी भगवी, दुसरीत पांढरी, आणि चेहरा कुठे सावळा, कुठे गुलाबी. उजवा पाय डाव्या मांडीवर टाकून बसलेली ती मूर्ती मूळ कृष्णधवल चित्रात बघावी. तिथे नजर थेट भिडते, रंगाची उणीव जाणवत नाही.

तेव्हा घरात म्हातारं माणूस असेल तर येत्या सुट्टीत त्याला खिडकीपाशी बसवा. फोटो नुसता मोबाइलमध्ये न ठेवता कागदावर छापून घ्या आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपा. स्टुडिओत गेलात तर आधीच सांगा: रंग आहे तसाच ठेवा, गोंदण पुसू नका.