खाऱ्या पाण्याचा ताळेबंद

सोलापुरात राहून समुद्राच्या पाण्याचे मत्स्यालय मांडण्याचा बेत ज्याला सांगावा तो आधी हसतो आणि मग 'पाण्यात मीठ कालवायचे, त्यात काय' असा सल्ला देतो. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीलाच संपला, त्यामुळे गेले तीन महिने याद्या करण्यात आणि खोडण्यात गेले. मर्यादा तीस हजारांची. ही रक्कम उत्तरपत्रिका तपासण्याच्या मानधनातून साठवलेली असल्याने तिच्याविषयी घरात जरा हळवेपणा आहे.

मिठाचेच आधी सांगतो. मिठागरात मीठ धरते तेव्हा मॅग्नेशियमचे क्षार बहुतांशी उरलेल्या पाण्यातच राहतात, म्हणून खाण्याचे मीठ कालवून समुद्र होत नाही. तयार क्षारमिश्रणच घ्यावे लागते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तीत दगडवाळू वगळता दीडशे लिटर पाणी मावेल, म्हणजे आरंभीलाच सव्वापाच किलो आणि पुढे दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचे म्हटले की अर्धा किलो. हा खर्च कायमचा. याहून लहान टाकी स्वस्त पडेल असे वाटते खरे, पण पाणी जितके थोडे तितकी त्याची उष्णता आणि खारेपणा झपाट्याने हलतो. जुनी टाकी मिळत होती, ती सोडली. आधीच्या मालकाने तांब्याचे औषध वापरले असेल तर त्याचा अंश सांध्यांतल्या सिलिकॉनमध्ये राहू शकतो आणि कोळंबी-गोगलगायींना तो घातक असतो.

खरा पेच उन्हाळ्याचा. पाणी थंड करणाऱ्या यंत्राची किंमत ऐकून आम्ही चहा मागवला. त्याऐवजी पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावायचा. बाष्पीभवनाने दोनतीन अंश तरी उतरतात आणि आमची कोरडी हवा इथे मुंबईच्या दमट हवेपेक्षा उपकारक ठरते. मात्र उडते ते पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून भर रोज गोड्या पाण्याचीच घालायची.

आणि इथेच आमचे अडले. हे गोडे पाणी आरओचे हवे. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोनतीन लिटर वाहून टाकते. नळ केव्हा येईल याची वाट पाहत, कळशी-हंडे भरून ठेवत वाढलेल्या माणसांना हा हिशेब शोभेसाठी करवत नाही. आमच्यापैकी एकाचे मत बेतच सोडावा असे होते. अखेर वाहून जाणारे पाणी पिंपात धरून फरशी आणि संडासासाठी वापरायचे ठरले. पिंप आणि नळीचे सातशे रुपये यादीत सर्वांत वर गेले.

प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र सूक्ष्म बुडबुड्यांवर सेंद्रिय घाण चढवून फेसाबरोबर बाहेर काढते. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी काढतात, तिची आठवण व्हावी. दोन विदूषकमासे आणि नेमाने पाणी बदलण्याची तयारी एवढ्यावर ते तूर्त टळते. खारेपणा मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर मात्र टळत नाही. प्लॅस्टिकच्या स्वस्त मापकाच्या काट्याला बुडबुडा चिकटला की आकडा खोटा. प्रवाहासाठी एक मोटर, आणि वीज जाते म्हणून बॅटरीवरचा हवापंप. प्रवाळ ठेवायचे नसल्याने दिवा साधा.

प्रवाळ न ठेवण्यामागे केवळ काटकसर नाही. दुकानदाराने पांढरे, सच्छिद्र 'समुद्री दगड' दाखवले. ते प्रवाळाचे सांगाडे होते. २००१ पासून आपल्याकडची प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मेलेले प्रवाळ विकणेही गुन्हाच. आम्ही भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे घेतले. जिवाणूंना घर हवे असते, त्याची वंशावळ नव्हे. मासेही समुद्रातून धरलेले नकोत. विदूषकमाशांची पैदास बंदिस्त टाकीत होते, आणि कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिचे तंत्र विकसित केले आहे.

हे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे नायट्रेट करू लागेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही. यादीची बेरीज सत्तावीस हजार आठशे झाली आहे. उरलेल्या बावीसशेत अमोनिया तपासण्याचा संच येतो. स्किमर पुढच्या हंगामाच्या उत्तरपत्रिकांवर.